बिनबोलावण्याचे सर

आमच्या सरांना लग्नाचं आमंत्रण कधी येत नसे, आणि तरीही यवतमाळच्या आसपासचं एकही लग्न ते सोडत नसत. तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा हंगाम सुरू होई, तो मृग लागेपर्यंत. एस.टी.च्या खिडकीतून कुणाच्या दारात हिरवा मांडव दिसला की तिकीट पुढच्या गावाचं असलं तरी सर तिथेच उतरत. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक त्यांना पाठीमागे 'फुकटे' म्हणत. ते काही खरं नव्हतं. सर प्रत्येक लग्नात न चुकता आहेर करत, आणि तो आहेर म्हणजे चहाची गाळणी. नवरी पाटलाची असो की कोतवालाची, गाळणीच. गाळणीच का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कुठल्याशा दुकानात घाऊक घेतली की स्वस्त पडत असावी, असा माझा अंदाज आहे.

सर मूळचे नाशिककडचे. उंच, किडकिडीत, आणि आमच्याकडच्या वैशाखातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. स्वतःचं लग्न मात्र त्यांनी केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, नवरदेवाला त्याच्याच लग्नातलं काही दिसत नाही, मग करून उपयोग काय? विषय शिकवत समाजशास्त्र. तो तेव्हा आमच्या कॉलेजात नवा होता, आणि ज्यांना गणित झेपत नव्हतं, इंग्रजी वाङ्मयाची धास्ती होती, अशा सगळ्यांनी त्याचा आसरा घेतला होता. मी घेतला कारण अर्थशास्त्राच्या वर्गात बसायला बाक उरला नव्हता. मोठमोठ्या माणसांनी विषय निवडताना काय काय विचार केला, ते आत्मचरित्रांत वाचते तेव्हा मला आपला तो बाक आठवतो.

पहिल्या तासाला सरांनी हजेरी घेतली, खडू उचलला, खाली ठेवला आणि विचारलं, "आज सकाळी तुमच्या घरी पहिला चहा कुणाला मिळाला?" आम्हाला वाटलं, सर गप्पा मारताहेत. एकेक जण सांगू लागला. मी सांगितलं, आधी बाबांना, मग भावाला, मग मला, आणि मायला पातेल्यात उरेल तो. सरांनी शेवटी पेला कोण विसळतं तेही विचारलं. मग एका मालदार शेतकऱ्याच्या मुलाची पाळी आली. तो झोकात सांगत सुटला, की आमच्याकडे तर सालदार गड्यालाही चहा असतो, त्याचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला आहे. एवढं बोलला आणि स्वतःचंच बोलणं ऐकू आल्यासारखा मध्येच थांबला. सर त्याच्यावर रागावले नाहीत, त्याला बरंवाईट काही म्हणाले नाहीत. "बसा," म्हणाले, "आज एवढंच." मी घरी गेले ती पातेल्याकडे बघतच. त्या दिवसापासून माझा चहा कधी पहिल्यासारखा निवांत झाला नाही.

पुस्तकं होती, नाही असं नाही. त्यांत कुठल्याकुठल्या बेटांवरच्या लोकांची लग्नं वर्णन केलेली असत. सर म्हणत, बेटावर जायला बोट लागते, शेजारच्या नेरला जायला एस.टी. पुरते. एकदा ते प्राचार्यांकडे गेले आणि पदार्थविज्ञानाला प्रयोगशाळा आहे तशी समाजशास्त्रालाही हवी, असं म्हणाले. प्राचार्यांनी विचारलं, काय काय सामान लागेल? सर म्हणाले, सामान काही नको, लग्नसराईत शनिवारची सुट्टी द्या. मिळाली नाही, हे सांगायला नको. मग सरांनी रविवारवर भागवलं आणि आम्हा चार-पाच विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मांडव पालथे घालू लागले.

त्यांचे नियम ठरलेले. मांडवात कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत. वही काढायची नाही. पहिल्या पंगतीला बसायचं नाही, आणि वाढायला कोण पुढे येतं, पाणी कोण देतं, उष्टं कोण काढतं, इकडे लक्ष ठेवायचं. जमलं तर आदल्या दिवशीच जाऊन पत्रावळ्या लावणाऱ्या बायकांत बसायचं, कारण हात गुंतले की तोंडं मोकळी होतात. सर स्वतः तिथे बसून पळसाची पानं टाचत. त्यांच्या पत्रावळीतून वरण हमखास गळे. बायका ती ओळखून बाजूला काढत आणि "हे मास्तरची, हे व्याह्याले वाढा" म्हणून हसून लोळत. सरांना त्याचा केवढा अभिमान! बायका आपल्यासमोर व्याह्याची थट्टा करतात, म्हणजे आपण घरचे झालो, असं त्यांचं शास्त्र होतं.

नेरच्या एका लग्नाला मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले. कापसाची मोठी शेती असलेलं कुणब्याचं घर. आम्ही बाभुळगावचे, छप्पन साली आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतलेली. आमच्या वस्तीतल्या माणसांनी अशा घरच्या लग्नात कुठे बसायचं, हे मला कुणी शिकवावं लागत नव्हतं. सर म्हणाले होते, घाबरू नका, नवरीकडचे तुम्हाला नवऱ्याकडचे समजतात आणि नवऱ्याकडचे नवरीकडचे. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या एवढ्यावर कुठल्या थांबायला? शेजारच्या आजीनं गाव विचारलं, मी सांगितलं. मग तिनं तो प्रश्न विचारलाच, "कोनाची वं तू?"

माझा घास हातातच राहिला. समोरच्या ओळीतून सर शांतपणे म्हणाले, "समाजशास्त्राची आहे ती."

म्हातारीनं मान डोलावली आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानावर आणखी बुंदी घालायला लावली. घराणं मोठं असावं, अशी तिची खात्री झाली होती. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही! तोवर मी कुणाची, याची जेवढी उत्तरं मला माहीत होती, त्या सगळ्यांना कुणी ना कुणी नाक मुरडलेलं होतं. हे उत्तर मला फार आवडलं, अजूनही आवडतं.

त्याच लग्नात सरांची कीर्ती झाली. थोरले जावई रुसले होते. टॉवेल-टोपी धाकट्या जावयाला आधी मिळाली, म्हणून ते बाहेर सोडलेल्या दमणीत, म्हणजे बैलांच्या छोट्या गाडीत, जाऊन बसले आणि काही केल्या उतरेनात. सासरे गेले, मेहुणे गेले, भटजीही जाऊन आले. जो तो समजूत घाली आणि जावई अधिकच फुगत. सर सगळ्यांच्या नंतर गेले आणि सरळ दमणीत चढून जावयांच्या शेजारी बसले. समजूत वगैरे काही नाही. त्यांनी विचारलं, रुसावं असं तुम्हाला नेमकं कोणत्या क्षणी वाटलं? टोपी दिसली तेव्हा, की लोकांनी तुमच्याकडे बघितलं तेव्हा? आणि हे मनापासून, शिकायचं म्हणून विचारलं. जावयांना असा माणूस जन्मात भेटला नव्हता. ते सांगू लागले, ते थेट स्वतःच्या लग्नातल्या मानपानापासून. सर मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते. शेवटी सांगून सांगून जावयांना भूक लागली, ते आपणच खाली उतरले आणि सासऱ्याला म्हणाले, "या मास्तरलेबी वाढा, हा मानूस ऐकून घेते."

तेव्हापासून रुसवा झाला की कॉलेजवर माणूस यायचा. सायकलवर, कधी बैलगाडीत. प्राचार्यांच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणायचा, समाजशास्त्राच्या मास्तरला पाठवा, व्याही उठून चालले. प्राचार्य डोक्याला हात लावत. पण गंमत अशी, की लग्नाच्या आधी सरांना आमंत्रण द्यावं, हे तरीही कुणाला सुचलं नाही. आगीच्या बंबाला कोण आमंत्रण देतं? आग लागली की बोलावतात. सरांना त्याचं काही वाटत नसे, निदान तसं ते म्हणत.

इकडे माझ्या घरी वेगळंच चाललं होतं. बाबा बाभुळगावला कापसाच्या जिनात फिटर होते. दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली, घरातले जुने देव नदीत सोडले, आणि मुलांनी शिकायचं असं ठरवलं. शिकण्याला त्यांचा विरोध मुळीच नव्हता. शिकून काय होणार, हे मात्र त्यांना स्वच्छ दिसायला हवं होतं. त्या दिवाळीत त्यांनी मला समोर बसवलं.

"डॉक्टर मले समजते, वकील समजते, मास्तरीनबाई समजते," ते म्हणाले. "हे तुह्यं समाजशास्त्र काय होय, थे मले समजून सांग, बाई. समजलं तं खुशाल शिक. नाही तं जूनपासून मास्तरकीच्या ट्रेनिंगले जा."

मी सांगितलं, समाजाचा शास्त्रशुद्ध अभ्यास. बाबा म्हणाले, "समाज तं मले चांगलाच माहीत हाय. त्याचं शास्त्र कायले?" मी आणखी दोनदा निरनिराळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलं, पुस्तकातली मोठी मोठी वाक्यं काढली, आणि प्रत्येक वेळी बाबांनी शांतपणे ऐकून मान हलवली. ट्रेनिंग काही वाईट नव्हतं. पण सरांचा वर्ग सुटणार, या कल्पनेनं मला रडूच यायचं. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वडिलांचं बरोबर आहे. मलाही अजून नीट सांगता येत नाही." अशी मदत!

वैशाखात माझ्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं. आमच्या घरातलं नव्या पद्धतीचं हे पहिलंच लग्न. मुहूर्त नाही, हुंडा नाही, मानपान नाही. मी छापील पत्रिका घेऊन सरांकडे गेले. सरांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली, आत आपलं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हणजे आता मला खरोखरच यावं लागणार." बिनबोलावता जाण्यात त्यांचा हातखंडा, पण बोलावल्यावर कसं जायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लग्नाच्या दिवशी ते कोटाची सगळी बटणं लावून आले. बाबांनी त्यांना मांडवात अगदी पुढे, खुर्चीवर नेऊन बसवलं. सर तिथे शाळेतून नाव काढलेल्या मुलासारखे बसले. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "इथून काहीच दिसत नाही हो."

लग्न मात्र सुरेख झालं. पांढऱ्याशुभ्र साडीतली वहिनी, नागपूरहून आलेले भन्तेजी, बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या आणि सगळ्या मांडवानं एका आवाजात म्हटलेलं त्रिशरण. पुढे काय म्हणायचं, हे निम्म्या लोकांना पाठ नव्हतं, पण आवाज कुणाचाच कमी नव्हता. मग जेवणं. बाबांनी हे आधीच ठरवून ठेवलं होतं, की पहिली पंगत, शेवटची पंगत असला प्रकार आपल्या घरी होणार नाही. सगळे एकदम बसतील. त्यासाठी यवतमाळहून मुद्दाम भोंगा आणला होता. भोंग्यावरून माझ्या मामानं पुकारलं, की सर्व बंधू-भगिनींनी जेवायला बसून घ्यावं. लोक बसले. वांग्याची भाजी आली, भात आला. आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, की मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, पंगतीत नाहीत.

ते मांडवाबाहेर बाभळीखाली पाठ करून बसले होते. मोठी माय जाऊन आली, माय जाऊन आली. बाबांचा चेहरा लाल झाला. ज्याच्यापायी मानपान सोडला, तो रोग आपल्याच घरात निघावा! ते म्हणाले, मी कुणालाही पाटावर बसवणार नाही, सगळे सारखे. कुणी जेवेना, भात निवू लागला. नव्या वहिनीचे वडील घाबरून उभे राहिले. आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या, कारण नेरची गोष्ट बाभुळगावपर्यंत पोचलेली होती.

सर खुर्चीवरून हलले नाहीत. "मी आज पाहुणा आहे," ते बाबांना म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा. आणि समाजशास्त्र तुमच्या घरात आहे की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला सरांचा असा राग आला! सगळ्या मांडवासमोर मी उठले आणि बाभळीखाली जाऊन मोठ्या बाबांच्या शेजारी मातीत बसले. माझी पांढरी साडी कामातून गेली. काय विचारावं सुचेना. समजूत घालायची नाही, एवढंच ठाऊक होतं. मग विचारलं, मोठे बाबा, तुमच्या लहानपणी पाटलाकडच्या लग्नात तुम्ही कुठे बसायचे? ते काडीनं मातीत रेघा ओढत राहिले. मी उठले नाही. मग ते सांगू लागले. वाड्यामागे, उकिरड्याशेजारी, आजोबांच्या बाजूला ते बसून राहायचे. पंगतींवर पंगती उठायच्या. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

"म्हंजे पयल्या पंगतीत बसाचं होतं तुमाले?" मी विचारलं.

"पंगत कोनतीबी असू दे, बाई," मोठे बाबा म्हणाले. "आमाले बोलवाले कवाच कोनी आलं नाही. लोकायचे हात धुतल्याचा आवाज आला, का आपनच अंदाज घेऊन जा लागे. आज माह्या सख्ख्या भावाच्या घरी लगन, अन् मले भोंगा बोलावते?"

मी वळून पाहिलं, तर मागे बाबा. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, पुढे आले, वाकून भावाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "दादा, जेवाले चला."

मोठे बाबा उठले खरे, पण आमचंच घराणं ते! मांडवाच्या तोंडाशी आल्यावर थांबले आणि म्हणाले, मला एकट्याला नको. मला बोलावलं तसं सगळ्यांना बोलाव. आणि बाबांनी ते ऐकलं. भोंगा बंद करायला लावला. पंगतीत बसलेली सगळी माणसं, पानं तशीच सोडून, हसत, कुरकुरत बाहेर येऊन उभी राहिली. बाबा एकेकाच्या पुढे जाऊन हात जोडून "जेवाले चला" म्हणू लागले. जिनातल्या हमालांना, वहिनीकडच्या म्हाताऱ्यांना, पत्रावळ्या लावायला आलेल्या बायकांना. पहिलं कोण न् शेवटचं कोण, याचा कुणाला पत्ता लागेना, कारण पुढची माणसं गंमत म्हणून पुन्हा मागे जाऊन उभी राहत होती. माय तर लाजून अर्धी झाली. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिला जेवायला बोलावण्याची ती पहिलीच वेळ असावी.

सर कधी खुर्ची सोडून बाहेर आले, मी पाहिलं नाही. ते गर्दीच्या अगदी कडेला, उन्हात, कोट घालून उभे होते आणि टाचा उंच करून सगळं पाहत होते. बाबा त्यांच्यापर्यंत पोचले. "सर, जेवाले चला." एवढ्या मांडवांतून जेवलेला तो माणूस, पण हे शब्द त्याला कधी कुणी म्हटले नसावेत. सर बाबांच्या हातात हात देऊन आत गेले. भात थंडगार झाला होता. इतकं जेवताना मी सरांना कधी पाहिलं नाही.

पुढे सर बदली होऊन दूरच्या कॉलेजात गेले. मी समाजविकासाच्या खात्यात लागले आणि झरी-जामणीकडच्या जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, वर्षानुवर्षं फिरले. तिथे बायका बांबूच्या टोपल्या विणत बसत. मी त्यांच्यात जाऊन बसे, काही न विचारता वाकड्यातिकड्या टोपल्या विणे, आणि त्या माझ्या टोपल्यांवर पोट धरून हसत. मग त्या आपणच सांगू लागत, की गावच्या कोणत्या बैठकीला त्यांना कधी कुणी बोलावलंच नाही. माझी अर्धी नोकरी अशी हसवून घेण्यात गेली, आणि मी फार सुखात केली ती.

पण हे सगळं नंतरचं. त्या जूनमध्ये मी कॉलेजच्या वसतिगृहात राहायला निघाले, तेव्हा बाबा मला यवतमाळच्या एस.टी.त बसवायला आले होते. ट्रेनिंगचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. बाभुळगावच्या स्टँडवर त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले, कापूस बाजारातले. त्यांनी माझी पेटी पाहून विचारलं, पोरगी काय शिकते?

बाबांनी थोडा विचार केला. "कोनाले बोलवाचं राह्यलं, थे पाहाले शिकते," ते म्हणाले.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "असं बी शिक्षन असते काय? अन् त्याची नोकरी भेटते?"

"नोकरीचं मले माहीत नाही," बाबा माझी पेटी टपावर चढवत म्हणाले. "पन काम लय पडून हाय."